समोरचा चेहरा दिसत नाही, बाजूचे सगळे दिसते : उतारवयातील पडद्याची झीज

“पोरी, तुझं तोंड दिसत नाही गं, पण तुझ्या मागं दोरीवर वाळत घातलेलं लुगडं दिसतंय.” घरातली आजी असे बोलली की घरच्यांना वाटते, आजी चेष्टा करते आहे. दोन-चार वेळा तेच ऐकले की वाटते, आजीचे डोके चालेनासे झाले. लांबचे लुगडे दिसते आणि हातभर अंतरावर बसलेली नात दिसत नाही, हे कसे शक्य आहे?

शक्य आहे. आजी खरे सांगते आहे. डोळ्याच्या एका विशिष्ट आजारात अगदी असेच होते. डॉक्टर त्याला ‘एज रिलेटेड मॅक्युलर डीजनरेशन’ म्हणतात, थोडक्यात एएमडी. पन्नाशीनंतर सुरू होणारा, साठी-सत्तरीत जास्त दिसणारा हा पडद्याचा आजार आहे. आपल्या वस्त्यांत तो ओळखला जात नाही, कारण म्हाताऱ्या माणसाची नजर कमी झाली की आपल्याकडे एकच शब्द ठरलेला असतो : मोतीबिंदू. कधी कधी तोही नाही. “वय झालं, आता दिसायचं तेवढंच,” असे म्हणून विषय संपतो. या आजाराच्या एका प्रकारात मात्र उपचाराला उशीर झाला तर गेलेली नजर परत येत नाही. म्हणून हा लेख जरा सविस्तर.

डोळ्याच्या आत, अगदी मागच्या बाजूला, एक पातळ पडदा असतो. समोरचे चित्र त्यावर उमटते आणि तेथून मेंदूकडे जाते. या पडद्याच्या मधोमध जेमतेम पाच मिलिमीटरची, म्हणजे ज्वारीच्या टपोऱ्या दाण्याएवढी जागा आहे. तिला मॅक्युला किंवा पीतबिंदू म्हणतात. एवढीशी जागा, पण बारकाईचे सगळे काम तिच्याकडे. सुईत दोरा ओवणे, तांदळातले खडे निवडणे, बसची पाटी वाचणे, शंभराची नोट की दोनशेची हे ओळखणे, माणसाचा चेहरा पाहणे. बाकीचा पडदा आजूबाजूचे सांभाळतो, म्हणजे दाराची चौकट, पायरी, अंगावर येणारी रिक्षा.

पीतबिंदू झिजला की मधले चित्र जाते, कडेचे राहते. म्हणूनच या आजाराचा माणूस घरात भिंतीला न धडकता फिरतो, मोरीपर्यंत एकटा जातो, पण ओळखीच्या माणसाला रस्त्यात ओळखत नाही. लोक म्हणतात, “दिसतं सगळं, ढोंग करतो.” सूनबाई म्हणते, “सासूबाईंना जमिनीवर पडलेला चमचा दिसतो, पण निवडायला दिलेली डाळ दिसत नाही.” यात ढोंग काही नाही. आणि एक दिलाशाची गोष्टही यातच आहे : केवळ या आजाराने माणूस ठार आंधळा होत नाही. कडेची नजर राहते.

मोतीबिंदू वेगळा, हा वेगळा

मोतीबिंदूत डोळ्याच्या पुढच्या भागातले भिंग गढूळ होते. सगळेच धुरकट दिसते, मधले आणि कडेचेही. ऑपरेशन करून गढूळ भिंग काढले, त्या जागी नवे बसवले की नजर परत येते. एएमडीत बिघाड मागच्या पडद्यात असतो. पुढची काच कितीही स्वच्छ केली तरी मागचा पडदा झिजलेला असेल तर चित्र नीट उमटणार नाही. चष्म्याचा नंबर बदलूनही उपयोग होत नाही. वर्षात दोन-तीनदा चष्मा बदलला आणि तरी वाचता येत नाही, असे झाले तर चष्मेवाल्याच्या दुकानातून बाहेर पडून डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायला हवे.

खरा घोटाळा होतो तो दोन्ही एकत्र असतात तेव्हा. सत्तरीच्या माणसाला मोतीबिंदूही असतो आणि पडद्याची झीजही असते. मोतीबिंदूचे ऑपरेशन होते, पट्टी सुटते, उजेड वाढल्यासारखा वाटतो, पण चेहरे दिसत नाहीत. मग वस्तीभर होते, “ऑपरेशन बिघडवलं, चांगला डोळा घालवला.” हे ऐकून शेजारच्या चार जणांची ऑपरेशने रद्द होतात. त्या चौघांना कदाचित साधा मोतीबिंदूच असतो आणि अर्ध्या तासाच्या ऑपरेशनने त्यांना लख्ख दिसू शकले असते. एका गैरसमजापायी ते अंधारात राहतात. म्हणून ऑपरेशन ठरवतानाच डॉक्टरांना एक प्रश्न विचारावा : “मागचा पडदा बघितला का? तो कसा आहे?” मोतीबिंदू फार पिकलेला असेल तर पडदा नीट दिसत नाही आणि त्याचा खरा अंदाज ऑपरेशननंतरच येतो. डॉक्टरांनी हे आधी सांगितले तर नंतर कुणाची फसगत होत नाही. विचारण्यात संकोच कशाला? डोळा आपला आहे.

डोळे तपासणी शिबिरात बॅटरी मारून मोतीबिंदू कळतो, पडदा कळत नाही. त्यासाठी डोळ्यात थेंब टाकून बाहुली मोठी करावी लागते. पुढे गरज पडली तर ओसीटी नावाची तपासणी करतात. यंत्रावर हनुवटी टेकवून काही मिनिटे बसायचे असते. त्यात टोचणे नाही की दुखणे नाही. पडद्याचे थर कापल्यासारखे आडवे दिसतात आणि खाली पाणी साचले आहे का, ते समजते.

सुका आणि ओला

एएमडीचे दोन प्रकार आहेत. दहांतल्या आठ-नऊ रुग्णांना सुका प्रकार असतो. पडद्याखाली पिवळसर कचरा ठिपक्याठिपक्यांनी साचत जातो आणि वर्षानुवर्षे हळूहळू झीज होते. सुरुवातीला काहीच जाणवत नाही. नंतर वाचायला जास्त उजेड लागतो, उन्हातून घरात आल्यावर डोळे सरावायला वेळ लागतो, अक्षरांच्या मधला एखादा भाग पुसट वाटतो. झिजलेला भाग पूर्ववत करणारे औषध आजही नाही. कुणी बाटली दाखवून तसे सांगत असेल तर तो आपला खिसा बघतो आहे असे समजावे.

ओला प्रकार थोड्यांना होतो, पण दृष्टी वेगाने घालवतो तो हाच. पडद्याखाली नको त्या ठिकाणी नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या फुटतात. त्यांतून पाणी आणि रक्त झिरपते, पडदा फुगतो, त्यावर सुरकुती पडते. सुरकुतलेल्या पडद्यावर सरळ रेषा वाकडी दिसते. विजेचा खांब मध्येच वाकलेला, खिडकीचे गज लाटेसारखे, फरशीच्या रेघा तुटलेल्या दिसतात. हे काही दिवसांत, काही आठवड्यांत घडते. सुक्या प्रकाराच्या माणसाला पुढे ओला प्रकार होऊ शकतो, म्हणून ‘माझा सुकाच आहे’ म्हणून निर्धास्त राहता येत नाही.

अडचण अशी की आपण दोन्ही डोळ्यांनी एकदम पाहतो. एक डोळा बिघडला तर दुसरा त्याची उणीव भरून काढतो आणि माणसाला महिनोन् महिने पत्ता लागत नाही. दुसऱ्या डोळ्यात त्रास सुरू झाला की मग धावपळ. तोवर पहिला हातचा गेलेला असतो.

यावर घरच्या घरी करण्याजोगा उपाय आहे. मार्क आम्स्लर नावाच्या स्विस नेत्रतज्ज्ञाने गेल्या शतकात चौकड्यांचा एक तक्ता वापरात आणला. आजही जगभरचे डॉक्टर तो वापरतात. त्याला पैसे पडत नाहीत. मुलांची गणिताची चौकटीची वही घ्या. पानावर साधारण दहा सेंटिमीटरचा चौरस आखा आणि बरोबर मध्ये पेनाने ठळक ठिपका द्या. हे पान भिंतीवर, चांगल्या उजेडात, नजरेच्या उंचीवर चिकटवा. वाचायचा चष्मा असेल तर घालून, पान हातभरापेक्षा थोडे जवळ, फूटभर अंतरावर येईल असे उभे राहा. एक डोळा तळहाताने झाका, दाबू नका. उघड्या डोळ्याने ठिपक्याकडेच बघत राहा. चौकड्यांच्या रेघा सरळ दिसतात का? कुठे वाकतात का? एखादा चौकोन गायब आहे का, की तिथे डाग दिसतो? मग दुसरा डोळा. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी. पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येकाने ही सवय लावावी, आणि ज्याला सुका प्रकार आहे त्याने तर चुकवूच नये. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांनाही हे जमते. घरातल्या नातवंडाने शेजारी उभे राहून विचारायचे, एवढेच.

रेघ वाकडी दिसली, किंवा काल नव्हता असा डाग आज मध्ये दिसला, तर पुढच्या शिबिराची वाट पाहू नये. त्याच आठवड्यात दवाखाना गाठावा.

इंजेक्शनची भीती

ओल्या प्रकारावर डोळ्यात इंजेक्शन देतात. हे वाक्य ऐकूनच अर्धे लोक परत येतात. डोळ्यात सुई! भीती वाटणे साहजिक आहे. प्रत्यक्षात आधी थेंब टाकून डोळा बधिर करतात, डोळा औषधाने स्वच्छ करतात आणि बुबुळाच्या बाजूला, पांढऱ्या भागातून अगदी बारीक सुईने औषध सोडतात. टोचण्याचे काम काही सेकंदांचे. त्याच दिवशी घरी येता येते. पूर्वी ही सोय नव्हती. तेव्हा लेझरने रक्तवाहिन्या जाळत आणि त्यात चांगला पडदाही भाजे. आज बऱ्याच रुग्णांची असलेली नजर टिकते, काहींची सुधारते.

‘टिकते’ हा शब्द लक्षात घ्यावा. “दोन इंजेक्शनं घेतली, काही फरक नाही, सोडून दिलं,” असे पुष्कळदा ऐकू येते. नजर आहे तेवढीच राहिली, हाच तो फरक. इंजेक्शन घेतले नसते तर ती राहिली नसती. हा उपचार एका खेपेत संपत नाही. सुरुवातीला साधारण महिन्याच्या अंतराने तीन, मग पडदा पाहून डॉक्टर अंतर वाढवतात. मध्येच सोडले की पाणी पुन्हा साचते. आपल्याकडे उपचार खाड्यामुळेही सुटतो. आजीला न्यायचे तर मुलाला एक दिवसाची मजुरी सोडावी लागते. दर महिन्याला तोच मुलगा कसा जाईल? म्हणून पहिल्याच खेपेला घरात ठरवून घ्यावे : या महिन्यात मुलगा, पुढच्या महिन्यात लेक, त्यानंतर पुतण्या. शेजारच्या गल्लीत असाच रुग्ण असेल तर दोघांची तारीख एकच मागून घ्यावी. एका माणसात दोघे जातात, रिक्षाही एकच लागते.

किमतीबद्दलही स्पष्ट बोलू. या कामासाठी वेगवेगळी औषधे आहेत आणि त्यांच्या किमतीत फार मोठा फरक आहे. बेव्हॅसिझुमॅब हे मुळात आतड्याच्या कर्करोगाचे औषध. त्याचे छोटे डोस करून डोळ्यासाठी वापरतात आणि ते कितीतरी स्वस्त पडते. रॅनिबिझुमॅब आणि अफ्लिबरसेप्ट ही खास डोळ्यासाठीची औषधे महाग आहेत. रॅनिबिझुमॅबचा भारतीय कंपनीचा पर्याय २०१५ पासून मिळतो आणि तो परदेशी औषधापेक्षा स्वस्त आहे. अमेरिकेत सरकारी खर्चाने एक मोठी तुलना झाली. तिचा निष्कर्ष २०११ मध्ये आला : स्वस्त बेव्हॅसिझुमॅबने नजर रॅनिबिझुमॅबइतकीच राखली जाते. तेव्हा डॉक्टरांना “स्वस्तातले चालेल का?” असे विचारण्यात कमीपणा नाही. तो माहितगार माणसाचा प्रश्न आहे. फक्त छोटे डोस करण्याचे काम निर्जंतुक जागीच झाले पाहिजे, म्हणून ते जबाबदार रुग्णालयातच घ्यावे. कोणत्याही इंजेक्शननंतर पुढच्या काही दिवसांत डोळा दुखू लागला, लाल झाला, नजर अचानक उतरली तर रात्र असली तरी परत जावे. जंतुसंसर्ग क्वचित होतो, पण झाला तर तासांचा हिशेब असतो.

मुंबईत जे.जे., केईएम, सायन, पुण्यात ससून, नागपुरात मेडिकल, छत्रपती संभाजीनगरात घाटी, अशा मोठ्या सरकारी-पालिका रुग्णालयांत नेत्रविभाग आहेत. केसपेपर काढताना ‘पडद्याची तपासणी’ असे सांगावे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आपला उपचार बसतो का, हे त्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला रेशन कार्ड आणि आधार दाखवून विचारावे. खासगी ठिकाणी पैसे भरून मग चौकशी करण्यापेक्षा आधी चौकशी केलेली बरी.

विडी, पालेभाजी आणि गोळ्यांच्या बाटल्या

वय आणि आनुवंशिकता आपल्या हातात नाही. आई-वडिलांना किंवा भावा-बहिणीला हा आजार असेल तर आपला धोका वाढतो, म्हणून घरात एकाला निघाला तर पाठच्या भावंडांनी पडदा तपासून घ्यावा. हातातली सर्वात मोठी गोष्ट म्हणजे विडी-सिगारेट. ओढणाऱ्याला एएमडीचा धोका न ओढणाऱ्याच्या दुप्पट ते चौपट असतो. सोडल्यानंतर तो हळूहळू उतरतो, म्हणून साठीत सोडली तरी फायदा आहे. मशेरी आणि तंबाखूच्या चिमटीने तोंडाचे काय होते ते आपण पाहतोच. रक्तदाबही सांभाळावा, तो पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्यांना सोसत नाही.

मधुमेहाचे दोन शब्द येथेच. मधुमेहानेही पडदा बिघडतो. तो आजार वेगळा, पण तपासणी तीच, थेंब टाकून. साखर असलेल्या प्रत्येकाने वय कितीही असो, वर्षातून एकदा ती करावी.

खाण्यात गाजराचे कौतुक फार होते. गाजरातून अ जीवनसत्त्व मिळते, रातांधळेपणाला ते उपयोगी आहे. पण पीतबिंदूला हवी असलेली ल्युटिन आणि झिॲझँथिन ही पिवळी द्रव्ये हिरव्या पाल्यात जास्त असतात : पालक, मेथी, चाकवत, तांदुळजा, शेवग्याचा पाला. शेवगा तर कित्येक वस्त्यांत कडेला उभाच असतो. भाजीला चमचाभर तेल असू द्यावे, ही द्रव्ये तेलात विरघळूनच अंगी लागतात. अंड्याच्या पिवळ्या बलकातही ती आहेत. बलक काढून पांढरे खाण्याची नवी फॅशन सगळ्यांनीच पाळायला हवी असे नाही. बांगडा, तारली असे तेलकट मासे आठवड्यातून एक-दोनदा खाणाऱ्यांत हा आजार कमी आढळतो. मात्र माशाच्या तेलाच्या कॅप्सूलने तसा फायदा दिसला नाही, तेव्हा पैसे बाजारातल्या टोपलीवरच खर्च करावेत.

‘डोळ्यांच्या व्हिटॅमिनच्या’ गोळ्या सर्रास विकल्या जातात. अमेरिकेतील मोठ्या अभ्यासात २००१ मध्ये असे दिसले की ठराविक जीवनसत्त्वे आणि जस्त मोठ्या मात्रेत दिल्यास मध्यम टप्प्याचा आजार शेवटच्या टप्प्याकडे जाण्याचा धोका सुमारे पाव हिश्श्याने कमी होतो. मध्यम टप्पा, हे महत्त्वाचे. आजार नसलेल्याला, किंवा नुकती सुरुवात असलेल्याला त्यांचा उपयोग सिद्ध झालेला नाही. गेलेली नजर त्या परत आणत नाहीत. आणि बीटा कॅरोटिन असलेल्या जुन्या मिश्रणाने विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. २०१३ पासून त्याऐवजी ल्युटिन आणि झिॲझँथिनचे मिश्रण सुचवतात. आपला टप्पा कोणता ते पडदा पाहिलेल्या डॉक्टरलाच कळते, मेडिकलच्या काउंटरवर नाही. मोबाइलने हा आजार होतो असा पुरावा नाही. डोळ्यात मध, कांद्याचा रस, गुलाबपाणी घालून पडद्यापर्यंत काहीही पोचत नाही. बुबुळाला इजा मात्र होते.

नसलेली माणसे दिसू लागली तर

हा भाग मुद्दाम लिहितो आहे. मधली नजर बरीच गेली की काही माणसांना नसलेल्या गोष्टी दिसू लागतात. भिंतीवर नक्षी, अंगणात लहान मुले, रंगीत कपडे घातलेली माणसे. ती बोलत नाहीत, नुसती दिसतात. आजी एक दिवस म्हणते, “कोपऱ्यात पोरं बसलीत.” घर हादरते. कुणी म्हणते बाहेरची बाधा, कुणी म्हणते वेड. मग उतारा, अंगारा, देवऋषी, आणि हजारो रुपये.

याला शार्ल बोने सिंड्रोम म्हणतात. बोने या स्विस निसर्गअभ्यासकाने १७६० मध्ये आपल्या आजोबांना दिसणाऱ्या अशाच दृश्यांची नोंद केली. आजोबांची नजर अधू झाली होती, डोके शाबूत होते. डोळ्याकडून चित्र येणे कमी झाले की मेंदू रिकाम्या जागी स्वतःच चित्रे भरतो, एवढेच ते. पुष्कळ रुग्ण वेडे ठरवतील या भीतीने कुणालाच सांगत नाहीत. त्यांना शांतपणे विचारावे, “आजी, तुम्हाला नसलेलं काही दिसतं का?” हे डोळ्यामुळे होते असे कळले की निम्मी भीती जाते. दिवा लावला, नजर इकडून तिकडे फिरवली, डोळ्यांची उघडझाप केली की दृश्य बऱ्याचदा विरते. मात्र आवाजही येऊ लागले किंवा माणूस गोंधळल्यासारखा वागू लागला तर कारण वेगळे असू शकते, डॉक्टरांना दाखवावे.

उरलेल्या नजरेवर

मधली नजर गेली तरी कडेची वापरायला शिकता येते. चेहऱ्याकडे थेट न बघता कानाकडे किंवा कपाळाच्या वर बघितले की चेहरा कडेच्या नजरेत येतो. सरावाने जमते. हाताचे भिंग, मागून खांद्यावरून येणारा दिवा, पांढऱ्या ताटात डाळ आणि गडद ताटात भात, औषधाच्या एका बाटलीला रबर, दुसरीला दोन. नोटा ओळखायला रिझर्व्ह बँकेचे ‘मणी’ नावाचे मोफत ॲप २०२० पासून आहे. मोबाइल नोटेवर धरला की ती किती रुपयांची ते बोलून सांगते. वर्षावासात विहारात ग्रंथवाचन करणारे एखादे बाबा अचानक यायचे बंद झाले असतील, तर अक्षर दिसत नाही हे सांगायला ते लाजत असतील. त्यांना पुढे बसवून वाचन दुसऱ्याने करावे आणि अर्थ त्यांना विचारावा.

दोन्ही डोळ्यांची नजर चष्मा लावूनही बरीच कमी असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ‘अल्पदृष्टी’ हे दिव्यांगत्व धरले आहे. चांगल्या डोळ्याची नजर पाहून टक्केवारी ठरते. चाळीस टक्के किंवा अधिक असेल तर प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड मिळते, त्यावर प्रवास सवलत आणि पात्रता असल्यास संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करता येतो. अर्ज जिल्हा रुग्णालयामार्फत किंवा ऑनलाइन होतो. वस्तीतल्या शिकलेल्या मुलांनी एका रविवारी बसून चार जणांचे भरून द्यावेत.

तपासणीला जाताना जुने चष्मे, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे आणि आधीच्या ऑपरेशनचे कागद पिशवीत घ्यावेत. थेंब टाकल्यावर चार-सहा तास अंधुक दिसते आणि ऊन सहन होत नाही, म्हणून सोबत कुणीतरी असावे, छत्री घ्यावी आणि त्या दिवशी गाडी चालवू नये.